तहसीलदाराच्या पायातलं कुलूप

प्रेमदास कोतवालाने डफडं वाजवलं ते नेमकं सुंदराच्या दारासमोर. वाजवताना त्याची मान खाली होती. त्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी सुंदराच्या घाण्याच्या तेलात भाजी फोडणीला पडली होती आणि ती त्याने दोनदा मागून खाल्ली होती.

"ऐका हो ऐका. वर्ध्याच्या परयोगशाळेतून रिपोट आला हाय. मंगरू तेल्याच्या घाण्याच्या तेलात शिसं निघालं. कोणी घेऊ नये, कोणी खाऊ नये हो."

सुंदरा उखळात जवस लोटत होती. तिने हात पुसले आणि बाहेर आली.

"काय निघालं म्हणते?"

"शिसं, वैनी."

"बंदुकीच्या गोळीत असते ते?"

"तेच असंल. मले काय ठावं? मले वाजवाले सांगतलं, मी वाजवून राह्यलो."

"मंग जोरानं वाजव न. मेल्यावानी काऊन वाजवून राह्यला?"

प्रेमदासने जोराने वाजवलं. त्याला वाटलं, बाईचं ऐकलेलं बरं.

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. हिवरधऱ्यात राज्य बदलल्याची खूण एकच होती, शाळेतला नकाशा मास्तरांनी उलटा करून ठेवला होता. पोळा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती. वर्ध्याच्या एका वसतिगृहाला घाण्याचं जवसाचं तेल बारा महिने लागणार होतं, पण तपासून. तेव्हा सुंदराने स्वतः बाटली भरली, फडक्याने पुसली, बुचाला सूत गुंडाळलं आणि परीक्षेला पोर धाडावं तशी ती वर्ध्याला धाडली. पोर नापास झालं, आणि निकाल डफड्यावर आला.

संध्याकाळी पंचायत बसली. गावात तीन मोठी कामं होती आणि तिन्ही भैय्याजी करत. ते सरपंच होते, गावातलं एकच किराणा दुकान त्यांचं होतं, आणि मारुतीच्या देवळाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. देवाला लागणारा नारळ, कापूर, शेंदूर दुकानातून देवळात जाई. त्यामुळे भैय्याजी स्वतःलाच गिऱ्हाईक होते आणि स्वतःशी कधी भांडत नसत. दुकानात हिंगणघाटकडच्या गिरणीच्या तेलाचे पिपे येऊन पडले होते. ते दिवाळीपर्यंत खपायला हवे होते.

"घाण्याले कुलूप लावा," भैय्याजी म्हणाले. "साफ रिपोट आल्याशिवाय उघडाचं नाई."

पंच मंडळी कुलूप घेऊन मंगरूच्या अंगणात आली. गावात धड कुलूप एकच होतं, भैय्याजींच्या दुकानाचं. तेच काढून आणलं होतं. आता पंचाईत अशी, की घाण्याला कुलूप लावायचं कुठं? जमिनीत छातीएवढं पुरलेलं लाकडाचं उखळ, त्यात तिरपी उभी जाडजूड लाट, लाटेला बांधलेला पाट आणि पाटाला जुंपलेला बैल. कडी नाही, कोयंडा नाही. पंचांनी घाण्याभोवती दोन फेरे मारले. लांबून पाहणाऱ्याला प्रदक्षिणाच वाटली असती.

मंगरू भला माणूस. कोणी अडलं की त्याला राहवत नसे. "लाटेले साखळी गुंडाळून पाहा न जी," तो म्हणाला.

"घसरते."

"मंग पाटाले?"

"तुमी गप बसा न वो," सुंदरा नवऱ्याला म्हणाली. "आपलाच घाणा बंद कराले तुमी काऊन डोकं चालवून राह्यले?"

शेवटी भैय्याजींची नजर बैलावर गेली. बैलाचं नाव तहसीलदार. दिवसभर डोळ्यांवर ढापणं बांधून एकाच जागी गरगर फिरायचं आणि आपण सगळा तालुका पालथा घातला असं समजायचं, हा त्याचा स्वभाव, म्हणून मंगरूने ते नाव ठेवलं होतं. वर्ध्याहून खरे तहसीलदार दौऱ्यावर आले की बैलाला तेवढ्यापुरतं 'बापू' म्हणत.

"हा फिरते म्हणून घाणा फिरते," भैय्याजी म्हणाले. "यालेच लावा."

तहसीलदाराच्या मागच्या पायात साखळी पडली, साखळीचं दुसरं टोक खुंट्याला गेलं आणि मधे कुलूप बसलं. किल्ली भैय्याजींच्या जानव्याला. पंच निघाले. बैलाने एकदा पाय उचलून पाहिला, परत ठेवला आणि रवंथ करू लागला.

मंगरूची आई शकुबाई दारात बसली होती. म्हातारी बोलायची कमी, पण बोलायची ते ऐकू जाईल असं. "उंदरं बी हायेत घरात," ती म्हणाली. "त्याईच्या बेड्या कवा आणता?"

*

गावाला शिसं चढायला वेळ लागला नाही. बाबारावाचा गुडघा दुखत होता तो आता शिशाने दुखू लागला. तो कापसाच्या काट्यावर जाऊन स्वतःला मोजून आला आणि पोळ्यापासून आपण चांगलेच जड झालो असं सगळ्यांना सांगत सुटला. पोळ्याच्या पुरणपोळ्या त्याने हिशेबात धरल्या नाहीत. कोणी म्हणे, तेल्याने गोळ्या वितळवून घातल्या. कोणी म्हणे, गोळ्या नाही, शाळेतल्या शिसपेन्सिली. मास्तरांनी वर्गातल्या पेन्सिली मोजल्या. कमी भरल्या. पण त्या दर वर्षीच कमी भरत.

शेजारची कांता बाटली घेऊन आली.

"सुंदरा, हे तुयं तेल घे वापस. बाटली मायी दे."

"कालपावतर खाल्लं न?"

"कालपावतर मालूम नव्हतं."

"चव बदलली का?"

"चव चांगलीच हाय," कांता म्हणाली. "म्हणून तं भेव वाटते."

सुंदराने तेल आपल्या गडव्यात ओतलं, बाटली उपडी करून शेवटचा थेंब निथळू दिला, आणि राखेने घासून बाटली परत दिली. कांताच्या मागे आणखी तिघी उभ्या होत्या. त्या दिवशी सुंदराने जन्मात पहिल्यांदा तेल घेतलं. आजवर ती फक्त देत आली होती. तिचे हात खांद्यापासून दुखायला लागले. रोज मणभर पेंडीची ढेप उखळातून खणून काढणारे तिचे हात बाटल्या धुवून दुखले.

शनिवारी शकुबाई नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन मारुतीला गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून एक शनिवार चुकला नव्हता. आधी देवाला तेल घालायचं, मग शेंदूर तेलात कालवून देवाच्या अंगाला लावायचा. पण देवळाच्या पायरीवर भैय्याजींचा माणूस बसला होता. तो म्हणाला, "आजी, हे तेल देवाले नाई चालत. शेंदूर नुसता लाव."

"देवाचे गुडघे दुखते का?" शकुबाईने विचारलं.

तिने वाटी पायरीवर ठेवली नाही. तशीच भरलेली घरी आणली आणि चुलीपाशी पालथी न घालता झाकून ठेवली. रात्री ती जेवली नाही. सासूच्या तळहातावरचा शेंदूर ताटातल्या भाकरीला लागला होता, तो सुंदराने पाहिला. पाहिला म्हणजे नुसता पाहिला.

सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "वर्ध्याले चालली मी."

"कायले?"

"ज्यानं नापास केलं, त्याले मायासमोर परीक्षा घ्याले लावते."

"मी येऊ?"

"तुमी तहसीलदाराले चारा घाला. कैद्याले उपाशी ठेवता येत नाई."

*

सेलूपर्यंत पायी, पुढे मोटारीत उभ्याने. एका हातात आपल्या तेलाची बाटली, दुसऱ्या हातात भैय्याजींच्या दुकानातून प्रेमदासकरवी आणवलेलं गिरणीचं तेल. मोटारीत कोणाला धरावं ते कळेना, कारण दोन्ही हात गुंतले होते. ती दारातल्या लोखंडी खांबाला पाठ लावून वर्ध्यापर्यंत आली.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. आत शिरताच सुंदराने पदर नाकाला लावला. सडक्या अंड्यांचा वास होता. सरकारी घराला असा वास येतो आणि हे आपल्या तेलाला नावं ठेवतात, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. टेबलापाशी कृष्णकांत देशकर नावाचा तरुण साहेब उभा होता. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं, त्यामुळे वासाचं त्याला काहीच नव्हतं.

"मी हिवरधऱ्याची तेलीण. तुमी मायं तेल नापास केलं."

"बाई, मी नाही केलं. तपासणीत निघालं."

"मंग त्या तपासणीले बोलवा बाहेर."

कृष्णकांतने रुमालाने नाक पुसलं. अशी मागणी त्याच्याकडे पूर्वी कोणी केली नव्हती, आणि ती कोणत्या नियमात बसत नाही हे त्याला आठवेना.

"वेळ लागेल," तो म्हणाला.

"मायापाशी लय वेळ हाय. घाणा बंद हाय न."

त्याने तिच्यासमोर तेल चिनी मातीच्या छोट्या वाटीत घेतलं आणि भट्टीवर ठेवलं. सुंदराने आयुष्यभर तेलात बाकीचं तळलेलं पाहिलं होतं. तेलच तळलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तेल धुरालं, पेटलं, काळं झालं, मग राख झाली. जवसाच्या अख्ख्या वाफ्याची चिमूटभर पांढुरकी राख. दुपार गेली. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने भाकरी सोडली, अर्धी त्याला दिली. त्याने खाल्ली. राख त्याने आम्लात विरघळवली, पाण्यासारखी केली, काचेच्या नळीत घेतली आणि वरून दुसऱ्या बाटलीतले थेंब सोडले.

नळीतलं पाणी पिवळं झालं. आणि त्या पिवळ्याची बारीक भुकटी हळूहळू तळाशी बसली.

"हे शिसं," तो म्हणाला.

"हे हळद हाय."

"हळद नाही, बाई."

"माया डोळ्यानं हळद दिसून राह्यली. आता हे कर." तिने दुसरी बाटली पुढे केली.

भैय्याजींच्या पिप्यातलं तेलही त्याच वाटेने गेलं. धूर, राख, आम्ल, थेंब. नळी हलवली. त्यात पिवळं काहीच खाली बसलं नाही. सुंदरा नळीकडे पाहत राहिली. चोराचं तेल साफ निघावं आणि आपलं नापास व्हावं, याला काय म्हणावं ते तिला सुचेना, म्हणून ती म्हणाली, "तुमची नळी बिघडली असंल."

त्याने नुसत्या पाण्याची नळी करून दाखवली. साफ.

"मायी थुकी टाकून पाहा."

"कशाला?"

"मी रोज तेच तेल खाते. माया अंगात शिसं असंल तं थुकीत येईन."

"तसं येत नाही," कृष्णकांत म्हणाला. मग जसं कोणाला सांगू नये ते सांगावं तसं म्हणाला, "बाई, तुमच्या तेलात कोणी मुद्दाम घातलं असं मी म्हणत नाही. अंश आहे, नखाच्या टोकाएवढा. पण रोज खाणाऱ्याच्या अंगात तो साचतो. कुठून येतो ते शोधलं पाहिजे. तेलाला जे जे शिवतं, ते ते मला आणून द्या. बिया, पाणी, भांडी, लाकूड, सगळं."

"सगळं?"

"सगळं."

"अन् ते साफ निघालं तं?"

"तर मी स्वतः येईन."

"येजो," सुंदरा म्हणाली. "कुलूप बी पाहून जाजो."

*

घरी येऊन तिने घाण्याची झडती घेतली. कोठीतले जवस, उखळात शिंपडायचं विहिरीचं पाणी, ढेप, पळी, तेल साठवायचा पितळी हंडा, त्याच्या आतली कल्हई खरवडून, आणि उखळाच्या तळातलं तेलकट लाकूड छिन्नीने टवका काढून. प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी. तिचा सगळा संशय कल्हईवर होता. कल्हईवाला मागच्या उन्हाळ्यात घाईत होता.

शकुबाई दारातून पाहत होती. "घाणा तपासून राह्यली का मढं?" ती म्हणाली.

"तुमीच सांगा न आत्याबाई, तेलाले आणखी काय शिवते?"

"आपले हात."

सुंदराने हात पाहिले. हातांची पुरचुंडी होत नव्हती.

ती परत वर्ध्याला जाऊन आली. परत खांबाला पाठ. कृष्णकांतने एकेक पुरचुंडी जाळली, विरघळवली. बिया साफ. पाणी साफ. ढेपेत पिवळं. कल्हई साफ, आणि हे ऐकून सुंदराला कल्हईवाल्याचा उगीच राग आला. उखळाच्या तळातल्या लाकडात पिवळं.

"म्हणजे घाण्यातच आहे," कृष्णकांत म्हणाला. "पण लाकडात शिसं कुठून येईल? शक्यच नाही." नापास विद्यार्थ्यासारखं तोंड करून त्याने नळ्या धुतल्या.

तो खरंच आला. शनिवारी, सेलूवरून एका छकड्यात बसून, पोटाशी पेटी धरून. सर्दी बरी झाली होती, त्यामुळे गावाचा वास त्याला आला. आधी त्याने तहसीलदाराच्या पायातलं कुलूप पाहिलं. मग घाण्याभोवती फिरला. साहेब आला म्हणून अंगणात गाव जमलं. बाबाराव गुडघा धरून पुढे उभा राहिला. भैय्याजीही आले.

कृष्णकांत लाटेपाशी वाकलेला असताना शकुबाई देवळातून परतली. त्याही शनिवारी तिने तेल नेलं नव्हतं, देवाला नुसता शेंदूर लावून आली होती. ती अंगणातून घरात जाता जाता घाण्यापाशी थांबली आणि हाताला उरलेला शेंदूर लाटेच्या मानेला, उखळाच्या तोंडाच्या वर, पुसून पुढे गेली. दारातून जाताना पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं. तिने पाहिलंही नाही. मंगरूने पाहिलं नाही, सुंदराने पाहिलं नाही, गावाने पाहिलं नाही. कपाळावरचं कुंकू आपलं आपल्याला दिसत नाही तसंच ते.

कृष्णकांतने पाहिलं. लाटेच्या मानेला बोटभर जाड केशरी पापुद्रा होता, आणि खालच्या कडेला तो झिजून पातळ झाला होता. बरोबर तिथंच, जिथं लाट फिरताना गरम तेल वर चढतं.

"आजी, हे काय लावलं?"

"शेंदूर. मारुतीले लावला का उरलेला घाण्याले. घाणा बी देवच हाय न आमचा."

"किती वर्षं?"

"मायी सासू लावत होती. तिची सासू लावत होती."

कृष्णकांत उखळाच्या काठावर बसला. "शेंदूर म्हणजे शिसंच, आजी," तो म्हणाला. "शिसं भट्टीत जाळून शेंदूर करतात."

बाबाराव म्हणाला, "म्हंजे मारुतीच्या अंगाले जहर लावतो आपण?"

"खायचं नसतं ते, एवढंच म्हणतोय."

"मारुतीच्या शेंदराले जहर म्हणते," मागून कोणीतरी म्हणालं. आणि मग गाव पुढे सरकलं. आत्तापर्यंत ज्या गावाला सुंदरा नको होती, त्याला आता साहेब नको झाला. एकाने पेटी ओढली. काच वाजली. सुंदरा मधे आली आणि पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

भैय्याजी मनातल्या मनात हिशेब करत होते. शेंदूर त्यांच्या दुकानातून जात होता. देऊळ त्यांच्याकडे होतं. ही गोष्ट इथेच मिटलेली बरी. त्यांनी हात वर केला.

"साहेब पोरसवदा हाय, जाऊ द्या. रिपोट खोटा हाय. देवाच्या शेंदरात खोट असू शकत नाई. मंगरू, ये, कुलूप काढतो. घाणा चालव खुशाल."

मंगरूचं तोंड उजळलं. तो बैलाकडे निघालाही.

"थांबा," सुंदरा म्हणाली. "कुलूप काढाचं नाई."

भैय्याजी किल्ली धरून उभे राहिले. "काऊन?"

"माया तेलात शिसं होतं तवा रिपोट खरा. तुमच्या दुकानात निघालं तं रिपोट खोटा? असा कसा रिपोट हाय भैय्याजी, पाय असल्यावानी चालते?"

"अवो, तुयाच फायद्याचं बोलून राह्यलो मी."

"ठावं हाय. पण माया दारावर डफडं वाजलं. देवळाच्या पायरीवरून माया सासूचं तेल वापस आलं. आता तुमच्या किल्लीनं मी साफ होत नाई. मले ह्याच्या नळीनं साफ व्हायचं हाय." तिने कृष्णकांतकडे बोट केलं. "ह्याच्याच. दुसऱ्या कोणाच्या नाई."

"अन् शेंदूर?" भैय्याजींनी विचारलं. "काढशील? घाण्याचा देव काढशील, सासूसमोर?"

सुंदराने सासूकडे पाहिलं. सगळं गाव शकुबाईकडे पाहू लागलं.

शकुबाई तळहात पाहत होती. रेषांमध्ये शेंदूर बसला होता, धुवून न जाणारा.

"पोरा," ती कृष्णकांतला म्हणाली, "मी लोकाईले जहर चारलं का?"

कृष्णकांतला खोटं बोलता आलं असतं तर तो वर्ध्याच्या त्या खोलीत नोकरीला राहिला नसता. "थोडं, आजी. माहीत नसताना. फार थोडं, पण रोज."

म्हातारी उठली. आत जाऊन खुरपं घेऊन आली.

"माया लग्नाच्या साली," ती गावाला म्हणाली, "मारुतीनं पांघरूण टाकलं होतं. सगळा शेंदूर गळून पडला, अन् आतून देव निघाला नवा. तुमच्या बापाईनं वाजतगाजत नेलं होतं ते. देव पांघरूण टाकते. मारुती टाकते तं घाणा काऊन नाई टाकणार?"

"आपोआप टाकलं होतं, आजी," बाबाराव म्हणाला.

"मारुती जवान होता. घाणा म्हातारा हाय. त्याले हात द्यावा लागते."

आणि तिने खुरपं लावलं.

पापुद्रे निघत गेले. वरचा केशरी, आतला गडद, त्याच्या आतला जवळजवळ काळा. मंगरूने खाली जुनं धोतर पसरलं. शकुबाई दमली, पण तिने सुंदराला खुरपं दिलं नाही. शेवटी लाटेची मान उघडी पडली, फिकट आणि केस काढलेल्या डोक्यासारखी. "ओळखू नाई येऊन राह्यला," मंगरू म्हणाला. म्हातारी मान फिरवून उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि मग परत वळली.

कृष्णकांतने तपासायला एक तुकडा मागितला.

"जाळशील याले?"

"हो."

"पहिले नमस्कार कर."

त्याने चपला काढून नमस्कार केला. बाकीचं पांघरूण, विहीर आणि नाल्यापासून दूर, त्याने सांगितलं तिथं पुरलं. मग शकुबाईने लाटेच्या कोऱ्या मानेला हळद लावली. नव्याने पिवळं झालेलं ते पाहून कृष्णकांत दचकला. "ही खरी हळद हाय, साहेब," सुंदरा म्हणाली. "लिहून घ्या."

*

पण तपासायला नवं तेल हवं, आणि तहसीलदार कैदेत. भैय्याजी आता रागावले होते. किल्ली मागायला सुंदराही जाणार नव्हती. तिने घाणा गरम पाण्याने आणि पापडखाराने घासला, पुन्हा घासला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूला म्हणाली, "कुलूप बैलाले हाय. आपल्याले नाई."

दोघांनी जू खांद्यावर घेतलं. म्हातारी वजनाला पाटावर बसली. लाट आधी हलेचना, मग कुरकुरली, मग फिरली. सुंदराच्या मानेला जू रुतलं, पोटऱ्या ताणल्या, पावलं शेणामातीत घसरली. बैलाच्या खांद्याला तिथंच का घट्टे पडतात ते तिला कळलं. मंगरू धापा टाकत म्हणाला, "मी डोळे मिटून चालतो. गरगरत नाई." तहसीलदार खुंट्यापाशी उभा राहून पाहत होता. इतकी वर्षं तो काय करत आला, ते डोळ्यांवरची ढापणं नसल्याने त्याने प्रथमच पाहिलं. त्याने चारा खायचं थांबवलं.

कुंपणापाशी माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. कांता सगळ्यांत आधी आत आली आणि मंगरूला बाजूला करून जुवाखाली गेली. "तुमी बसा भाऊजी," ती म्हणाली. "पडाल."

पहिली धार काढून टाकली. नंतरची एक बाटली भरली. सुंदराने ती पुसली, बुचाला सूत गुंडाळलं आणि वर्ध्याला नेली. धूर, राख, आम्ल, थेंब. तिने नळी स्वतः हातात धरली. पिवळं बसायची वाट पाहिली. ते बसलं नाही. कृष्णकांतने आणखी थेंब टाकले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, नळीकडेच पाहिलं, आणि मग तिच्या शिदोरीतली आपल्या वाटणीची अर्धी भाकरी त्याने न विचारता खाल्ली.

साफ रिपोट घेऊन ती प्रेमदासकडे गेली. "वाजव."

"हुकूम नाई, वैनी. खराब रिपोटाचा हुकूम येते. चांगल्याचा येत नाई."

भैय्याजी म्हणाले, "कुलपाचं बैठकीत ठरवू. दिवाळी होऊ दे."

सुंदरा घरी आली, लोखंडी सबल घेतली आणि खुंटा उपटला. बाजाराचा दिवस होता. तेलाचे गडवे तहसीलदाराच्या पाठीवर लादले, शिंगांना रंगीत फडकी बांधली आणि तशीच त्याला घेऊन निघाली. मागच्या पायातली साखळी दगडधोंड्यांवरून घसटत होती, आणि दर पावलाला कुलूप खणकन वाजत होतं. माणसं घराबाहेर येऊन पाहू लागली. अर्ध्या रस्त्यात प्रेमदास डफडं घेऊन पुढे झाला.

"हुकूम आला?" सुंदराने विचारलं.

"नाई," प्रेमदास म्हणाला. "पण बैल तालावर चालून राह्यला, तं मले राहवलं नाई."

बाजारात गडवे दुपारपर्यंत रिकामे झाले. बाबारावानेही तेल घेतलं, गुडघ्याला लावायला. शकुबाई वाटीभर तेल घेऊन मारुतीला गेली. पायरीवरचा माणूस उठून उभा राहिला, कारण तिच्या मागे साखळी वाजत होती. उतरणीला लोहाराचं दुकान होतं. त्याने साखळीची कडी तोडली आणि बैलाचा पाय मोकळा केला. कुलूप सुंदराने ओच्यात टाकलं.

तिन्हीसांजेला भैय्याजी स्वतः दारात आले. कुलूप गेल्यापासून त्यांना दुकानात पिप्यांशेजारी झोपावं लागत होतं. गिरणीच्या तेलाचे ते पिपे तसेच भरलेले होते.

"सुंदरा," ते म्हणाले, "झालं गेलं जाऊ दे. मायं कुलूप तेवढं दे."

सुंदरा उखळातली ढेप खणत होती. तहसीलदार जुंपलेला होता, डोळ्यांवर ढापणं होती. तो गरगर फिरत होता, पण आता तिला वाटत होतं, आपण तालुका फिरत नाही हे त्याला ठाऊक आहे.

"कुलूप इथं नाई, भैय्याजी," ती म्हणाली. "वर्ध्याले धाडलं हाय, तपासाले. बैलाच्या पायाले किती दिवस लागून होतं, काय निघते कोणाले ठावं."

"अवो, कवा येईन मंग?"

"रिपोट आला का सांगीन न," सुंदरा म्हणाली. "डफडं वाजवून."